विजेच्या गाडीची शिदोरी

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याची बॅटरी एकदा हलवून पाहा. लोडशेडिंगच्या काळात घेतलेली, अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर मागणारी ती पेटी एकट्या माणसाला सहज उचलत नाही. वजन साधारण ५५ किलो. तिच्यावर १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर असं लिहिलेलं असतं. या दोन आकड्यांचा गुणाकार केला की १८०० वॅट-तास होतात, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत १.८ युनिट. आता एका छोट्या बाटलीत २०० मिलिलिटर पेट्रोल आहे असं समजा. ते जळताना जी ऊर्जा बाहेर पडते तीही जवळपास तेवढीच, १.८ युनिट.

तराजूच्या एका पारड्यात ५५ किलो, दुसऱ्यात दीडशे ग्रॅम. विजेवरच्या गाड्यांचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास मला या तराजूतून सगळ्यात नीट समजला. मोटर पहिल्यापासूनच गुणी होती. घोडं अडायचं ते शिदोरीपाशी. गाडीने सोबत वीज न्यायची ती कशात, किती, आणि वाटेत संपली तर परत कुठे भरायची?

पेट्रोलचं पारडं दिसतं तितकं भारी मात्र नाही, हेही आधीच सांगायला हवं. पेट्रोल इंजिन त्या ऊर्जेतला जेमतेम पाव हिस्सा चाकापर्यंत पोचवतं. बाकीची उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून उडून जाते. गाडी बंद केल्यावर बॉनेटवर हात ठेवला की चटका बसतो, तो आपण विकत घेतलेल्या पेट्रोलचाच. विजेची मोटर मिळालेल्या ऊर्जेतला ८५ ते ९० टक्के भाग कामाला लावते. शिवाय उभ्या गाडीला पहिला हिसका द्यायला जो जोर लागतो, तो मोटर शून्य वेगापासूनच देते. त्यामुळे तिला गिअरची उतरंड लागत नाही आणि क्लचची कसरतही लागत नाही. एवढं सगळं असूनही ही गाडी शंभर वर्षं बाजूला पडली होती. का, ते पाहू.

जस्त जाळून चालणारी गाडी

१८३० च्या दशकात अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला थॉमस डेव्हनपोर्ट नावाचा एक लोहार विद्युतचुंबकांच्या मागे लागला. त्याने बॅटरीवर फिरणारी मोटर बनवली, छोट्या रुळांवर एक नमुन्याची गाडी फिरवली आणि १८३७ मध्ये मोटरचं पेटंट मिळवलं. त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनचा रॉबर्ट डेव्हिडसन हाच खटाटोप करत होता. त्याचं 'गॅल्व्हानी' नावाचं बॅटरीवरचं रेल्वे इंजिन १८४२ मध्ये एडिंबरा-ग्लासगो मार्गावर धावलं. धावलं म्हणजे ताशी साडेसहा किलोमीटरने. माणूस भरभर चालला तर त्याच्या बरोबरीने जाईल इतकं.

या दोघांची अडचण एकच होती. त्यांच्या बॅटरीत जस्ताचे पत्रे आम्लात हळूहळू विरघळत आणि त्यातून वीज निघे. पत्रे संपले की नवे घालायचे. ती बॅटरी परत चार्ज होत नसे. म्हणजे वाफेचं इंजिन कोळसा खायचं तसं हे इंजिन जस्त खायचं, आणि जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग. हिशेबच बसत नव्हता.

१८५९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने शिशाचे दोन पत्रे गुंडाळून गंधकाम्लात बुडवले आणि एक वेगळीच गोष्ट घडवली. वीज बाहेर काढून झाली की उलट दिशेने वीज आत सोडायची. तसं केलं की रासायनिक क्रिया मागे फिरे आणि पत्रे पूर्ववत होत. चार्ज करून पुन्हा वापरता येणारी ही पहिली बॅटरी. १८८१ मध्ये कामीय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लगदा थापून तिची क्षमता बरीच वाढवली. त्याच वर्षी गुस्ताव्ह त्रूव्हे याने पॅरिसच्या रस्त्यावर बॅटरीवरची तीनचाकी चालवली. इन्व्हर्टरला जोडलेली आपली पेटी याच शिशाच्या बॅटरीची थेट वंशज आहे. आतला मसाला अजूनही तोच आहे, शिसं आणि गंधकाम्ल.

१८९९ चा शंभरी पार करणारा टॉर्पेडो

२९ एप्रिल १८९९. पॅरिसजवळ आशेर इथे कामीय जेनात्झी नावाचा बेल्जियन माणूस टॉर्पेडोच्या आकाराच्या गाडीत बसला. गाडीचं नाव 'ला जामे काँताँत', अर्थ 'कधीच समाधानी नसलेली'. आकार वारा कापण्यासाठी निमुळता केलेला, पण चालक मात्र कमरेपासून वर बाहेर, घोड्यावर बसावा तसा. त्या दिवशी तिने ताशी १०५.८८ किलोमीटरचा वेग गाठला. रस्त्यावरच्या वाहनाने ताशी १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडण्याची जगातली ती पहिली वेळ, आणि ते वाहन विजेवरचं होतं.

ही काही सर्कशीतली कसरत नव्हती. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारगाड्या तयार झाल्या. त्यातल्या १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि फक्त ९३६ पेट्रोलच्या. त्या काळी गाडी घेणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. वाफेची गाडी निघण्याआधी पाणी तापायची वाट पाहायची. पेट्रोलच्या गाडीसमोर उभं राहून लोखंडी हँडल जोर लावून फिरवायचं आणि इंजिनने उलटा झटका दिला तर मनगट मोडून घ्यायचं. धूर आणि खडखडाट वेगळाच. विजेच्या गाडीत मात्र बसायचं, दांडा पुढे सरकवायचा आणि निघायचं. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा फोर्ड 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' कंपनीची विजेची गाडी वापरत. ज्यांच्या पेट्रोल गाडीने पुढे सगळा बाजार काबीज केला, त्यांच्याच घरातली ही गोष्ट.

न्यूयॉर्कमध्ये त्या वेळी 'इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी'च्या विजेच्या टॅक्सी चालत. बॅटरी उतरली की टॅक्सी एका मोठ्या गॅरेजमध्ये यायची, तिथे यंत्राने जुनी बॅटरी ओढून काढायची, भरलेली आत सरकवायची आणि टॅक्सी काही मिनिटांत परत रस्त्यावर. आज शहरांत डिलिव्हरीची मुलं पिवळ्या-हिरव्या कपाटांसमोर थांबून बॅटरी बदलून घेतात ना, त्याची ही सव्वाशे वर्षांपूर्वीची आवृत्ती. २० मे १८९९ रोजी याच कंपनीच्या टॅक्सीचा चालक जेकब जर्मन याला न्यूयॉर्कमध्ये वेगात गाडी हाकल्याबद्दल अटक झाली. वेग होता ताशी १२ मैल, म्हणजे १९ किलोमीटर.

पण शिदोरीचं ओझं तेव्हाही जाणवत होतंच. फर्डिनांड पोर्श हा तरुण अभियंता व्हिएन्नातल्या लोनर कंपनीसाठी गाड्या बनवायचा. चाकाच्या मधोमध मोटर बसवायची त्याची कल्पना आजही नवी वाटावी अशी. एका इंग्रज गिऱ्हाइकासाठी त्याने चारही चाकांना मोटर असलेली गाडी बनवली. तिच्या एकट्या बॅटरीचं वजन १,८०० किलो होतं. दोन टनांच्या आसपासची शिदोरी उचलायला चार मोटरी, आणि त्या मोटरींना पुरायला पुन्हा तेवढी मोठी शिदोरी! बॅटरी वाढवली की वजन वाढतं, वजन वाढलं की वीज जास्त लागते, म्हणून बॅटरी आणखी वाढवायची. शिशाच्या बॅटरीने या फेऱ्यातून कोणालाच सुटू दिलं नाही.

घरभेदी निघाली ती बॅटरीच

पुढच्या पंधरा वर्षांत चित्र पालटलं. कारणं एकावर एक येत गेली. १९०१ च्या जानेवारीत टेक्सासमध्ये स्पिंडलटॉप इथे तेलाचा प्रचंड झरा लागला आणि पेट्रोल स्वस्त व्हायला सुरुवात झाली. १९०८ मध्ये फोर्डची 'मॉडेल टी' ८५० डॉलरला आली आणि १९२५ पर्यंत तिची किंमत तीनशे डॉलरच्याही खाली गेली. १९१२ मध्ये विजेच्या छोट्या गाडीला १,७५० डॉलर मोजावे लागत, तेव्हा पेट्रोलची गाडी ६५० डॉलरला मिळे. गावोगावच्या रस्त्यांवर लोक लांब जाऊ लागले. पेट्रोल डब्यातून कुठेही नेता येतं, वाण्याच्या दुकानातही ठेवता येतं. वीज मात्र शहरापुरतीच होती. १९३० च्या सुमारासही अमेरिकेतल्या शेतघरांपैकी जेमतेम दहा टक्के घरांत वीज होती.

मला सगळ्यात जास्त चटका लावून जाते ती १९१२ सालची गोष्ट. चार्ल्स केटरिंग याने तयार केलेला सेल्फ-स्टार्टर त्या वर्षीच्या कॅडिलॅक गाडीत बसवला गेला. बटण दाबलं की शिशाची एक लहान बॅटरी एका छोट्या मोटरला फिरवी आणि ती मोटर पेट्रोल इंजिनाला जागं करी. हँडल गेलं, मनगट मोडायची भीती गेली, आणि पेट्रोलची गाडी घ्यायला कचरणारा माणूसही तिच्याकडे वळला. विजेच्या गाडीचा शेवटचा मोठा फायदा हिरावून घेतला तो तिच्याच पोटातल्या बॅटरीने आणि मोटरने. घरभेदी म्हणतात ते हेच.

वीज वाहनांमधून हद्दपार झाली नाही, तिने फक्त शिदोरी वाहून न्यायचं सोडलं. मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली आणि ती १९६४ पर्यंत धावली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची लोकल निघाली. डोक्यावर तार असली की बॅटरीची गरजच उरत नाही. मोटर किती भरवशाची आहे याचा पुरावा मुंबईकर शंभर वर्षं रोज दाराला लटकून देतोय.

बॅटरीची गाडीही एका कोपऱ्यात टिकून राहिली. इंग्लंडमध्ये पहाटे घरोघर दूध पोचवणाऱ्या हजारो गाड्या शिशाच्या बॅटरीवर चालत. रोजचा रस्ता ठरलेला, वेग कमी, शंभर ठिकाणी थांबायचं, झोपलेल्या गल्लीत आवाज नको आणि दुपारनंतर गाडी डेपोत उभी. म्हणजे शिदोरी किती लागणार हे आदल्या दिवशीच ठाऊक. बॅटरीची गाडी कुठे जमते आणि कुठे जमत नाही, याचं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही. काठमांडूत १९९० च्या दशकापासून चालणारे 'सफा टेम्पो' याच हिशेबावर उभे राहिले. आपल्याकडच्या ई-रिक्षांचंही तेच.

तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत

१९७० च्या दशकातल्या तेलसंकटाने सगळ्यांना घाम फोडला. तेल संपलं तर आपण काय विकणार, हा प्रश्न तेल कंपन्यांनाही पडला. अमेरिकेतल्या एक्सॉन कंपनीने स्टॅनली व्हिटिंगहॅम या तरुण रसायनशास्त्रज्ञाला नव्या ऊर्जेच्या शोधाला लावलं. त्याने लिथियम निवडलं. लिथियम हा सगळ्यात हलका धातू आणि आपला इलेक्ट्रॉन टाकून द्यायला कायम उतावीळ. बॅटरीला याहून चांगला भिडू मिळणं कठीण.

लिथियमची बॅटरी कशी चालते, ते नदीच्या उदाहरणाने सांगतो. नदीच्या दोन काठांवर दोन गावं आहेत. लिथियमचा प्रत्येक अणू म्हणजे एक माणूस आणि त्याची बैलगाडी अशी जोडी. माणूस म्हणजे लिथियमचा आयन (इलेक्ट्रॉन सोडून दिलेला अणू), बैलगाडी म्हणजे तो इलेक्ट्रॉन. दोघांना पलीकडच्या गावी जायचंय. नदीत फक्त होडी आहे आणि होडीत बैलगाडी घेत नाहीत. मग माणूस होडीने नदी ओलांडतो, बैलगाडीला मात्र लांबून पुलावरून जावं लागतं. पलीकडे दोघं पुन्हा भेटतात. बॅटरीतलं द्रावण म्हणजे नदी, बाहेरची तार म्हणजे पूल. पुलावर आपण नाका टाकून बसलेलो असतो आणि जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडून जकात घेतो. मोटर फिरते ती या जकातीवर. चार्ज करायचं म्हणजे जोर लावून सगळ्यांना अलीकडच्या गावी परत आणायचं.

व्हिटिंगहॅमच्या बॅटरीत अलीकडचं गाव शुद्ध लिथियम धातूचं होतं आणि तिथेच घोटाळा झाला. परतणारी मंडळी नीट रांगेत न बसता एकावर एक चढत आणि धातूचे सुईसारखे कोंब नदीत वाढत जात. कोंब पलीकडच्या काठाला टेकला की शॉर्टसर्किट आणि आग. १९८० मध्ये ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पलीकडच्या गावासाठी कोबाल्ट ऑक्साइड वापरलं आणि व्होल्टेज चारच्या घरात नेलं. १९८५ मध्ये जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी अलीकडचं गावही बदललं. लिथियम धातू काढून टाकला आणि कार्बनच्या थरांमध्ये लिथियमला राहायला खोल्या दिल्या. आता कोंब फुटायचं कारणच कमी झालं. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ही बॅटरी बाजारात आणली. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते आणि त्यांचं नोबेल व्याख्यान त्यांचे जुने सहकारी, तामिळनाडूत जन्मलेले अरुमुगम मंतिराम यांनी दिलं.

गाडी मात्र तेव्हा कोणाच्याच डोळ्यासमोर नव्हती. बॅटरी गेली व्हिडिओ कॅमेऱ्यात, मग मोबाइलमध्ये, मग लॅपटॉपमध्ये. कोट्यवधी लोकांनी ती खिशासाठी विकत घेतली आणि त्या मागणीनेच तिची किंमत उतरवली.

चिरडलेली गाडी

मधल्या काळात कॅलिफोर्नियाने एक धाडस केलं. लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेला वैतागून तिथल्या हवा मंडळाने १९९० मध्ये नियम काढला की १९९८ पर्यंत मोठ्या कंपन्यांच्या विक्रीतल्या २ टक्के आणि २००३ पर्यंत १० टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या असल्या पाहिजेत. १९९६ मध्ये जनरल मोटर्सने 'ईव्ही-१' आणली. वाऱ्याला इतकी कमी आडवी येणारी गाडी तोवर फारशी झाली नव्हती. ती विकत मिळत नसे, भाड्याने मिळे. एकूण १,११७ गाड्या बनल्या.

पहिल्या ईव्ही-१ मध्ये शिशाची बॅटरी होती. वजन ५३३ किलो, क्षमता साधारण १६.५ युनिट. भागाकार करून पाहिला की किलोमागे ३१ वॅट-तास येतात. आपल्या इन्व्हर्टरच्या पेटीचा आकडा ३३ च्या आसपास आहे. जगातल्या त्या वेळच्या सगळ्यात पुढारलेल्या गाडीच्या पोटात जवळपास तीच शिदोरी होती! नंतर निकेल-मेटल हायड्राइडची बॅटरी आली, पल्ला वाढला, पण तोवर नियम सैल झाला होता आणि कंपनीने गाड्या परत मागवल्या. वापरणाऱ्यांनी पैसे देऊ केले, निदर्शनं केली. बहुतेक गाड्या चिरडल्या गेल्या. संग्रहालयांना आणि शिक्षणसंस्थांना दिलेल्या मोजक्याच उरल्या. ते फोटो आजही पाहवत नाहीत.

ईव्ही-१ ने एक गोष्ट मात्र सिद्ध केली, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. बॅटरी एकाच दिशेने वाहणारी वीज देते आणि चांगल्या मोटरला हवी असते मागेपुढे झुलणारी. तिचा जोर आणि गती क्षणाक्षणाला बदलावी लागते. १९०० च्या गाड्यांत हे काम दांड्याच्या चार-पाच खाचांवर भागत असे. ते सफाईने व्हायला एका सेकंदात हजारो वेळा चालू-बंद होणारे आणि तरी न जळणारे स्विच हवे होते. १९८० च्या सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे अभियंते जयंत बालिगा यांनी आणि इतरांनी विकसित केलेला 'आयजीबीटी' हा असा स्विच, आणि त्याच्या जोरावर गाडी सफाईने चालते हे ईव्ही-१ ने दाखवलं. आज विजेची गाडी दिवे घाट उतरताना ब्रेकऐवजी मोटरलाच जनरेटर बनवते आणि रेंजचा आकडा वाढताना दिसतो, त्यामागेही असेच स्विच असतात.

लॅपटॉपचे सहा हजार सेल

२००३ मध्ये मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग यांनी टेस्ला सुरू केली. पुढच्या वर्षी इलॉन मस्क यांनी पैसा घातला. २००८ साली आलेल्या त्यांच्या 'रोडस्टर'मध्ये गाडीसाठी खास बनवलेली बॅटरी नव्हती. लॅपटॉपमध्ये असतात तसे अंगठ्याएवढे ६,८३१ सेल एकत्र बांधले होते आणि त्यांना थंड ठेवायची व्यवस्था केली होती. क्षमता ५३ युनिट. खिशातल्या उपकरणांनी जी बॅटरी स्वस्त केली, ती आता गाडीत शिरली होती.

चीनमध्येही वाट हीच होती. वांग चुआनफू यांनी १९९५ मध्ये शेंझेनला सुरू केलेली बीवायडी आधी मोबाइलच्या बॅटऱ्या बनवत असे, गाड्यांकडे ती २००३ मध्ये वळली. सरकारने २००९ पासून पैसा आणि धोरण दोन्ही मागे उभं केलं. २०१७ च्या अखेरीस शेंझेन शहराच्या १६ हजारांहून जास्त बस विजेवर गेल्या होत्या. २०१० मध्ये एक युनिट वीज साठवण्याएवढ्या लिथियम बॅटरीला हजार डॉलरहून जास्त खर्च येई. २०२४ मध्ये तो सरासरी ११५ डॉलरवर आला. त्या वर्षी जगात, चार्ज करता येणाऱ्या हायब्रिड धरून, १ कोटी ७० लाखांहून जास्त विजेच्या गाड्या विकल्या गेल्या. दर पाच नव्या गाड्यांमागे एक, आणि त्यातल्या १ कोटी १० लाखांहून जास्त एकट्या चीनमध्ये.

स्वस्त होण्यात एका आपल्या माणसाचाही हात आहे. कोबाल्ट महाग, त्याच्या काँगोतल्या खाणींमागे माणसांचे हालही आहेत. १९९७ मध्ये गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी या भारतीय संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी पलीकडचं गाव लोखंड आणि फॉस्फेट यांनी बांधून दाखवलं. ते जरा जड पडतं, पण स्वस्त आहे आणि सहजी पेट घेत नाही. शोरूममध्ये 'एलएफपी बॅटरी' असं सांगतात ती हीच.

भारतातही सुरुवात शिशानेच झाली. १९९३ मध्ये केरळच्या चालकुडीत 'लव्हबर्ड' ही दोन माणसांची गाडी बनली. २००१ मध्ये बंगळूरमध्ये चेतन मैनी यांची 'रेवा' आली. शिशाच्या सहा-सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या, पल्ला ८० किलोमीटर. आपल्याकडे लोकांनी तिला खेळणं म्हटलं, पण लंडनमध्ये 'जी-विझ' या नावाने ती दिसू लागली, कारण तिथे शहराच्या मध्यभागी गाडी नेण्यावरचा गर्दीचा कर विजेच्या गाड्यांना माफ होता. ज्या वर्षी लिथियम अजून परवडत नव्हतं त्या वर्षी ही गाडी उभी करायला छाती लागते. २०१० मध्ये महिंद्राने ती कंपनी घेतली. जानेवारी २०२० मध्ये रांजणगावला बनणारी टाटांची 'नेक्सॉन ईव्ही' आली. बॅटरी ३०.२ युनिटची, लिथियमची. शिशाने तेवढी वीज न्यायची म्हटलं असतं तर बॅटरीच नऊशे किलोंच्या पुढे गेली असती. त्याच महिन्यात पुण्यात विजेची 'चेतक' स्कूटर रस्त्यावर आली. मला वाटतं, आपल्याकडचं खरं स्थित्यंतर चारचाकीत नसून दुचाकीत आणि तीनचाकीत आहे. २०२४-२५ मध्ये देशात साडेअकरा लाखांच्या आसपास विजेच्या दुचाकी विकल्या गेल्या, आणि नव्या तीनचाकींत तर निम्म्याहून जास्त विजेवरच्या होत्या. ठरलेला रस्ता, कमी अंतर, रात्री चार्जिंग. इंग्लंडच्या दूधगाड्यांचाच हिशेब.

शेवटची चार सीटं

लोक दोन प्रश्न नेहमी विचारतात. पहिला, आपली बहुतेक वीज कोळशातून येते, मग फायदा काय? फायदा आहे, कारण इंजिन उधळतं तेवढी ऊर्जा मोटर उधळत नाही. बॅटरी बनवताना झालेलं प्रदूषण धरूनही गाडीच्या पूर्ण आयुष्यात हिशेब सहसा विजेच्या बाजूने झुकतो. सौर आणि पवन वीज वाढेल तसा आणखी झुकेल. आणि गल्लीतल्या पोरांच्या नाकात जाणारा धूर तर आजच थांबतो.

दुसरा प्रश्न, ८० टक्क्यांपर्यंत भराभर चार्ज होणारी गाडी पुढे एवढी रेंगाळते का? एसटी रिकामी असताना पन्नास जण पटापट बसतात. शेवटची चार सीटं भरताना मात्र प्रत्येकाला जागा शोधत, पाय चुकवत आत जावं लागतं. कार्बनच्या खोल्यांमध्ये शिरणाऱ्या लिथियमचं तसंच होतं. तेव्हा घाई केली तर जागा न मिळालेलं लिथियम दारातच धातू होऊन साचतं, आणि व्हिटिंगहॅमला छळणारे तेच सुईसारखे कोंब पुन्हा डोकं वर काढतात. म्हणून गाडी स्वतःच वेग कमी करते. ती आपल्याला वाचवत असते.

पुढची शिदोरी कदाचित मिठातून येईल. लिथियमच्या जागी सोडियम, जे समुद्रात हवं तेवढं आहे. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर पुणे या विज्ञानसंस्थेच्या साथीने असं तंत्र विकसित केल्याचं डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. सोडियम लिथियमपेक्षा जड, त्यामुळे पल्ला कमी, पण रिक्षाला आणि घरातल्या साठ्याला तो चालून जाईल.

'संपली तर कुठे भरायची' हा न्यूयॉर्कच्या गॅरेजवाल्यांचा प्रश्न मात्र आता आपल्या पार्किंगमध्ये येऊन उभा आहे. आमच्या सोसायटीत पहिलं चार्जिंगचं मीटर बसायला आठ महिने गेले. दर मीटिंगला तळमजल्यावरचे काका विचारायचे, "अहो, पण वायरिंग जळलं तर?" त्यांचा प्रश्न रास्त होता. वायरमनने जाड केबल, वेगळा एमसीबी (भार वाढला की वीज आपोआप तोडणारा स्विच) आणि अर्थिंग दाखवल्यावरच त्यांनी सही केली. २०२४ पासून ग्राहक हक्कांच्या नियमांतच चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते, हे माहीत असतं तर कदाचित चार महिने वाचले असते.

मीटर बसलं त्या रात्री स्कूटर लावली. सकाळी साडेतीन युनिट वाढलेले होते आणि शंभरेक किलोमीटरची सोय झाली होती. काका चपला घालून खाली बघायला आले होते. "एवढीशीच बॅटरी?" पायाखालच्या जागेकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं. त्यांच्या जिन्याखाली इन्व्हर्टर आहे. तेवढी वीज ठेवायला तसल्या दोन पेट्या लागल्या असत्या, ११० किलोच्या.